केळीच्या बागेतला बिबट्या
(पिंप्राळा येथे शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



केळीत वाघ शिरला, अशी आवई उठली की शिवारात रात्रीचे पाणी भरणे थांबते. तिला हसू नये. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, नरभक्षक बिबट्याने माणसे मारली. डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली.

मात्र दिसलेले प्रत्येक जनावर बिबट्या नसते. सकाळी ओल्या सरीत ठसा पाहावा. कुत्रा व तडस यांच्या ठशात नखे उमटतात. बिबट्या नखे आत ओढून चालतो, म्हणून त्याचा ठसा गोलसर व बिननखांचा असतो. (रानमांजराचाही तसाच, पण फार लहान.)

बिबट्या नुसता दिसला की 'पकडून न्या' असा आग्रह होतो. तो मला पटत नाही. जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरील हल्ले उलट वाढले. अकोले तालुक्यात तर बिबटे शेतीपट्ट्यातच राहतात आणि मुख्यत्वे कुत्र्यांवर जगतात, असे अभ्यासात आढळले.

तेव्हा शेळ्या-वासरे वरूनही बंद अशा गोठ्यात बांधावीत. रात्री पाण्यावर एकट्याने जाऊ नये. बॅटरी न्यावी, मोठ्याने बोलत चालावे. ऊसतोडीत पिल्ले सापडल्यास ती उचलून घरी आणू नयेत, तोड थांबवून वन खात्यास कळवावे. मादी बहुधा रात्री येऊन त्यांना नेते. जनावर मारले गेल्यास पंचनामा होईपर्यंत ते हलवू नये, नाहीतर भरपाई अडते.