जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या वसंत व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. तेव्हा घरातील व कचेरीतील जुना संगणक हा आजचा विषय मी फाटकावरच्या माणसाच्याच पद्धतीने मांडणार आहे.

कामगार चळवळीचे संगणकाशी पहिले नाते भांडणाचे होते. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणताच नोकरवर्ग विरोधास उभा राहिला. यंत्र आले की माणूस जाणार, ही भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. पुढे सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. आपल्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. आज आमच्या संघटनेचा सभासदांचा पट, वर्गणीचा हिशेब, न्यायालयाचे कागद, सारे संगणकातच असते. ते भांडण संपले. पण यंत्राविषयीचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हा त्यामागचा प्रश्न काही संपला नाही. तेव्हा यंत्र आत आणण्याचा निर्णय होता, आज ते बाहेर काढण्याचा आहे.

ताजे उदाहरण पाहा. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबविला. काही अटींवर आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय जाहीर झाली, एवढेच. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे २०१८ च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. एका नियमाने असंख्य यंत्रे नापास झाली. त्यांचा एक स्क्रूदेखील झिजला नव्हता.

कारखान्यात लेथचा पट्टा तुटला म्हणून कोणी लेथ भंगारात घालीत नाही. संगणक हेही सुट्या भागांचे यंत्र आहे. तेव्हा 'संगणक जुना झाला' असे न म्हणता 'त्यातील कोणता भाग कमी पडतो' असे विचारावे.

बहुतेक वेळा अपराधी हार्ड डिस्क असते. तिच्यात तबकडी मिनिटाला ७२०० किंवा ५४०० फेरे फिरते आणि एक दांडी माहिती शोधीत तिच्यावरून हलते. अशा धावपळी तिला सेकंदाला शंभराच्या आसपासच जमतात. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. तेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. दुसरा भाग रॅम. फिटरचे टेबल लहान असेल तर तो प्रत्येक हत्यारासाठी स्टोअरकडे पळतो; हात चांगला असूनही काम रेंगाळते. रॅम म्हणजे ते टेबल आणि डिस्क म्हणजे स्टोअर.

आमच्या कचेरीतील संगणक २०१२ चा. २०२३ साली तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन होत असे. विक्रेत्याने नव्याचा भाव ४२ हजार सांगितला. आम्ही एका कारागिराकडून २५६ जीबीची एसएसडी बसवून घेतली, ४ जीबीची रॅम ८ केली, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली आणि घड्याळ चालविणारा बटणासारखा सेल नवा घातला. मजुरीसह ४ हजारांच्या आत काम झाले. तो संगणक आता मिनिटाच्या आत उभा राहतो. उरलेल्या पैशांत दोन बडतर्फ कामगारांच्या दाव्यांचा खर्च भागला. काटकसर मला आवडते ती एवढ्यासाठी.

मात्र हे काम डोळे मिटून करू नये. आधी सारी माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. डीडीआर३ची रॅम डीडीआर४च्या खाचेत बसत नाही. तेव्हा जुनी पट्टी बरोबर घेऊनच दुकानात जावे. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस फार चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मालाची मागणी वाढविली. म्हणून आधी एसएसडी बसवावी आणि तरीही कमी पडले तरच रॅमला हात घालावा. प्रणालीचा प्रश्न राहिलाच, तर लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि तिच्यात युनिकोड मराठी उत्तम लिहिता येते. पण तुमचा हिशेबाचा प्रोग्राम किंवा जुना मराठी फाँट फक्त विंडोजवर चालत असेल, तर ते आधी तपासावे. मदरबोर्डच गेला असेल आणि त्या जातीचा मिळत नसेल, तर हट्ट धरू नये. मोडीत काढावयाच्या यंत्रालाही मोडीत काढण्याची वेळ असतेच.

कोणी म्हणेल, चार पैसे वाचविण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? २००४ साली संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला. एक डेस्कटॉप व त्याचा जुन्या पद्धतीचा पडदा घडविण्यास किमान २४० किलो इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी खर्ची पडते. म्हणजे यंत्र दुकानात येण्यापूर्वीच पृथ्वीने त्याची मोठी किंमत भरलेली असते. दुसऱ्या टोकाला, २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. उरलेल्यातला पुष्कळसा उघड्यावर फोडला जातो. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात. तो विषारी धूर कोणाच्या छातीत जातो, हे या शहराला सांगावयास नको. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना १९९३ साली याच पुण्यात उभी राहिली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, हे चांगले झाले. पण कचऱ्याची विल्हेवाट लावण्यापेक्षा तो न होऊ देणे केव्हाही बरे.

आणि पैसा जातो कोठे, तेही पाहा. नव्या यंत्राच्या किमतीतला मोठा वाटा परदेशी कारखान्याकडे जातो. दुरुस्तीची मजुरी तपकीर गल्लीतल्या कारागिराच्या घरी जाते. या कारागिरांना हलके समजू नका. क्विक हीलचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करूनच वर आले. सामान मिळेनासे झाले, माहितीपत्रक देणे बंद झाले, तर असा कारागीर पुन्हा घडणार नाही. केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, ती याचसाठी. आम्ही कामाचा हक्क मागतो. दुरुस्तीचा हक्क त्याचाच धाकटा भाऊ आहे.

तेव्हा माझे मागणे लहान आहे. नवा संगणक घेण्यापूर्वी जुन्याचे झाकण उघडून कारागिराला दाखवा आणि कोणता भाग गेला, हे त्याच्या तोंडून ऐका. काढलेली डिस्क भंगारात देण्याआधी तीवरील नावे, पत्ते, आधार क्रमांक पुसून टाका. ती माणसांची माहिती आहे. आणि यंत्र थकले की नाही, हे ज्याचे हात त्यावर चालतात त्याने ठरवावे, विकणाऱ्याने नव्हे.