सीमन डॅन: मोतीवाल्या बेटांचा गायक

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरस सामुद्रधुनीतल्या थर्सडे बेटावर १९२९ साली जन्मलेले मूलनिवासी गायक हेन्री गिब्सन डॅन, म्हणजेच सर्वांचे ‘सीमन डॅन’, हे तरुणपणी पाणबुडे होते; समुद्रतळावरून ते मोत्यांचे शिंपले काढत, ज्यांच्या आतील चकाकत्या थरापासून गुंड्या बनत. त्या जोखमीच्या कष्टांची आठवण त्यांच्या गाण्यांत आहे आणि बेटांवरील लोकसंगीत, हवाईचे नृत्यसंगीत ‘हुला’ व अमेरिकी कृष्णवर्णीयांची व्यथागायकी ‘ब्लूज’ यांचा त्यांनी साधलेला मेळ खरोखर विलक्षण आहे. पहिला ध्वनिमुद्रित संग्रह त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर केला, तरीही ‘परफेक्ट पर्ल’ने २००४ मध्ये ‘एरिया’ हा ऑस्ट्रेलियाचा प्रमुख संगीत पुरस्कार मिळवला आणि २००९ मध्ये तो त्यांना पुन्हा लाभला.