स्टेशनावर सुचलेली संख्या



घोरावाडीच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना आपण काय करतो? घड्याळ पाहतो आणि गाडीला नावे ठेवतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांना मात्र अशाच एका स्टेशनावर संख्यांचा एक नवा प्रकार सुचला. ते स्टेशन डोंबिवलीचे, मुंबईपासून तीसएक मैलांवरचे. त्याच्या ‘डेम्लो’ या जुन्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले.

त्यांतली एकच आज आपल्यापुढे ठेवतो: १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा आहेत, पण भिण्याचे कारण नाही. नऊ एक ओळीने लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा; उत्तर हेच येते. पाटीवर करीत होतो तसा गुणाकार मांडला, की एकांच्या नऊ ओळी पडतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या घराची बेरीज एक, दुसऱ्याची दोन, मधल्याची नऊ. पुढे घाट उतरावा तसा उतार. हातचा कोठेच येत नाही, म्हणून घडी टिकते. दहा एक घ्या. मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा!

आता आपल्या संख्येतील अंकांची बेरीज करा: ८१. आणि ८१ नेच तिला निःशेष भाग जातो. अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. भाग का जातो? नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच.

कोणी म्हणेल, ही दशमान पद्धतीची करामत. आकडे दुसऱ्या रीतीने लिहिले की संपली. आक्षेप खरा आहे. पण या संख्येचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ हे कोणत्याही रीतीने लिहिले तरी बदलत नाहीत. गमतीच्या दारातून आत गेलो, की ही पक्की जमीन लागते.

कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षक होते. आपल्याकडील पुष्कळ पंडितांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. १९८६ साली ते निवर्तले. मुलाने वहीच्या मागे आकडे मांडले, तर ‘अभ्यास कर’ म्हणण्याआधी आपण ‘असे का होते?’ एवढे त्याला विचारावे, असे आम्हांस वाटते.

जाताना एक हिशेब देतो. तीन एकांचा वर्ग १२३२१, तोही हर्षद. चार एकांचा मात्र नाही. का, ते लोकल येईपर्यंत शोधावे.