पहिली तारीख
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



काल रात्री जेवताना तीन-चार जणांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला : "अरे, तू फिटर माणूस, भाड्याची घरं कशी जमवलीस?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच सांगतो. आधी दुरुस्ती : घरं नाहीत, घर. एकच.

२००८ साली चिंचवडमध्ये एका जुन्या सोसायटीत वन रूम किचन विकायला होतं. किंमत नऊ लाख. बँकेने सात लाख दिले. वरचे दोन लाख साठवलेले होते. पण स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, सोसायटीची हस्तांतरण फी असे साठ-पासष्ट हजार आणखी लागले, आणि त्याला बँकेने कर्ज दिलं नाही. ते सौ.च्या भिशीतून आले. हप्ता सात हजार, भाडं साडेचार हजार. म्हणजे पहिल्या दिवसापासून अडीच हजार खिशातून. "भाड्यात हप्ता निघतो" असं सांगणाऱ्या एजंटला आधी कागदावर गणित मांडायला लावा.

माझी चूक पुढे झाली. भाडेकरू कंत्राटी कामगार होता, ओळखीतला. म्हणून करार तोंडी. वर्षभरात मंदी आली, त्याचं काम गेलं. चार महिने भाडं नाही. माझ्याकडे शिल्लक शून्य, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. सौ.च्या बांगड्या गहाण ठेवल्या. ती एक शब्द बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासूनचे माझे तीन नियम. पहिला : सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय सही करायची नाही. आज तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते. देते म्हणून घ्यायचं नाही. दुसरा : लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचाच, अकरा महिन्यांचा असला तरी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. तिसरा : वर्षाचं भाडं भागिले घराची किंमत. माझं सहा टक्के आलं होतं. आज पन्नास लाखांच्या फ्लॅटला बारा हजार भाडं येत असेल, तर ते तीन टक्केसुद्धा नाही. कर्जाचं व्याज त्याच्या दुपटीहून जास्त. रिटायरमेंटचा पैसा त्यात घालू बघणाऱ्यांनी हा भागाकार करावा. हातात रोकड कमी आणि गावात स्वतःचं घर असेल, तर वर दोन खोल्या चढवून त्या भाड्याने देणं बरं. जमिनीचा पैसा वाचतो, भाडेकरू डोळ्यांसमोर राहतो. मात्र बांधकामाची परवानगी घेऊनच.

आता जे काल कुणी विचारलं नाही, ते.

दहावीच्या परीक्षेला तीन आठवडे असताना आमच्या घरमालकाने खोली खाली करायला लावली. वडील दोन महिन्यांचं भाडं थकले होते. आपल्या गणिताच्या सरांनी मला परीक्षेपर्यंत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. सर आज समोर बसलेत. हे त्यांनी इतक्या वर्षांत कुणालाही सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

त्या कामगाराला मी बाहेर काढलं नाही. त्याची मुलगी तेव्हा दहावीला होती. तिची परीक्षा झाल्यावर तो गावी गेला आणि पुढच्या दिवाळीपर्यंत थकलेलं भाडं थोडं थोडं करून पाठवलं. बांगड्या सोडवल्या.

भाडेकरूच्या घरात दहावीचं पोर असेल, तर माझा करार जूनपर्यंत आपोआप वाढतो. हा नियम कायद्यात नाही. तो सरांच्या घरी शिकलो.

सर, नमस्कार.