चार वर्षांचा शिपाई, चाळीस वर्षांचं पोट

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



सैनिकाच्या पगारावर बोलायला उभं राहिलं की पहिल्या रांगेतला एक तरी माणूस भुवया चढवतो. म्हणतो, देशसेवेचा हिशेब करायचा नसतो. हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे आणि ते बोलणाऱ्यांची घरंही बघितली आहेत. त्यांचा पोरगा पुण्याला कंपनीत असतो, नाहीतर अमेरिकेत. रणगाड्याचा हिशेब होतो, तोफेचा होतो, विमानाच्या सौद्यात दलालानं किती खाल्लं त्याचाही होतो. फक्त शिपायाच्या पोटाचा हिशेब काढला की देशाचा अपमान होतो. तर आज आपण तो अपमान करणार आहोत, आणि आकडे घेऊन करणार आहोत.

सुरुवात आपल्यापासून करतो. कारण पलटणीच्या पगाराशी आपलं नातं इतरांसारखं नाही. शेतकऱ्याचा पोरगा पलटणीत गेला तर त्याच्या मागं रान होतं, बैल होते, भावकी होती. आपल्या मागं काय होतं? महारकी. सरकारी सारा पोचवा, पाटलाचा सांगावा घेऊन पळा, मेलेलं ढोर ओढा, रात्रंदिवस हजर राहा, आणि मोबदला म्हणून दारोदार फिरून बलुतं मागा. म्हणजे काम सरकारचं आणि पगार द्यायचा गावानं. तोही भाकरतुकड्यात, तोही लांबून टाकलेला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं, त्याच्या मुळाशी हाच सवाल होता. राबवून घ्यायचं सरकारनं आणि पोटाला मागायचं गावाकडं, ही कुठली नोकरी?

आता याच्या शेजारी पलटण ठेवून बघा. १८५७ साली पायदळातला हिंदी शिपाई महिन्याला ७ रुपये घेत होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात जो हिंदी शिपाई मेला तो ११ रुपयांवर मेला. ७ रुपयांत काय, ११ रुपयांत काय, कुणी माडी बांधत नव्हतं. इंग्रज काही आपला मामा नव्हता. पण ते रुपये होते, रोख होते. पाटलाच्या ओसरीवरून ते येत नव्हते. रुपयाला विटाळ होत नाही, हे आपल्या लोकांना पहिल्यांदा कळलं ते पलटणीत. शाळाही तिथंच भेटली. म्हणून आपल्या चळवळीची पहिली माणसं बघा, पलटणीच्या घरातली निघतात. हा योगायोग नव्हे. ज्याची चूल गावाच्या मेहेरबानीवर पेटत नाही तोच गावाच्या तोंडावर बोलू शकतो.

कोरेगावच्या खांबावर ४९ नावं आहेत. त्यातली २२ 'नाक' लागलेली, म्हणजे आपली. १ जानेवारीला आपण लाखांनी तिथं जातो. जावंच. १९२७ साली बाबासाहेब स्वतः गेले होते. पण खांबाला सलाम ठोकून परत येताना पुढचं पान किती जण वाचतात? लढाई १८१८ ची. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत, त्याच इंग्रजानं 'लढवय्या जाती' नावाचं शास्त्र काढलं आणि आपली भरती बंद करून टाकली. शौर्याची पावती दगडावर कोरलेली आणि नोकरीचं दार बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला, लष्करात आणि पोलिसांत आम्हाला घ्या म्हणून. आपले विद्वान या अर्जांत अस्मिता शोधतात. असेल अस्मिता. मला त्यात आधी भाकरी दिसते. सुभेदार रामजी सकपाळांसारखा माणूस, लष्करी शाळेचा हेडमास्तर, पलटणीतून बाहेर पडल्यावर त्याला साताऱ्याला बांधकाम खात्यात स्टोअरकीपर व्हावं लागलं. सुभेदाराची ही गत, तर शिपायाची काय?

१९१७ साली महायुद्ध चालू असताना १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. पुन्हा महायुद्ध आलं तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. दोन्ही वेळा दार उघडलं ते मढी पडायला लागल्यावर. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण इंग्रजाला येत नसेल, पण तो जगला तिच्याप्रमाणंच.

माझा आजा या रेजिमेंटमधून नाईक म्हणून निवृत्त झाला. त्याच्या मेडलांबद्दल मला फारसं माहीत नाही, पेन्शनीबद्दल माहीत आहे. ती मनिऑर्डरनं यायची. पोस्टमन सवर्ण होता. गावात टपाल वाटून झालं की त्याला आमच्या वस्तीत उतरावंच लागायचं, कारण सही आज्याची पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात अख्खी वस्ती खडी फोडायला गेली. आजीसुद्धा गेली. पेन्शन पुरत नव्हती हो, खोटं कशाला बोलू? आठ तोंडं होती घरात. पण आजी रोजगार हमीवर गेली, पाटलाच्या वाड्यावर नाही गेली. बाकीच्या बाया पायलीभर जोंधळ्यासाठी वाड्याची धुणी धूत होत्या तेव्हा आजीला 'नाय येत' म्हणता आलं. त्या दोन शब्दांची किंमत म्हणजे आज्याची पेन्शन. आमचा बाप त्या पैशावर मॅट्रिक झाला, आणि मी इथं उभा आहे.

म्हणून सैनिकाला पुरेसा पगार मिळतो का, हा सवाल मी असा विचारतो: त्या पगारानं त्याला 'नाय येत' म्हणता येतं का, आणि किती वर्षं?

आता आजचं बघू. सातव्या वेतन आयोगानं शिपायाचं मूळ वेतन २१,७०० ठेवलं, ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे, वर महागाई भत्ता. साध्या घरातल्या पोराला हा पगार वाईट नाही. पण अधिकाऱ्याचा मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००. हा पैसा हुद्द्याचा नाही, सैनिकी जगण्याच्या हालाचा आहे, असं सरकारच सांगतं. मग शिपायाचे हाल तिपटीनं कमी कसे? सियाचीनचा भत्ता २०१७ पासून अधिकाऱ्याला ४२,५०० आणि जवानाला ३०,०००. बर्फाला हुद्दा कळतो काय? हाडं गोठायची ती दोघांची सारखीच गोठतात. ज्युनिअर कमिशन्ड अधिकाऱ्यांचा सर्व्हिस पे १० हजार करा, अशी मागणी होती. डिसेंबर २०१८ मध्ये अर्थखात्यानं ती फेटाळली. आपल्या गावगाड्यात जसं प्रत्येकाचं बलुतं ठरलेलं तसं इथं दुःखाचंही बलुतं ठरलेलं आहे.

तरी या सगळ्याला एक आधार होता. पंधरा वर्षं भरली की पेन्शन. शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, माणूस गेला तर बायकोला. दवाखाना, कॅन्टीन, माजी सैनिकाचा दर्जा. हा आधारच १४ जून २०२२ ला काढून घेतला. नाव काय ठेवलं? अग्निपथ. नावं ठेवण्यात हे लोक वस्ताद आहेत.

तुमच्यातले निम्मे पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे म्हणून बापानं कर्ज काढून अकॅडमीची फी भरली आहे. तेव्हा तुम्हाला हे आकडे पाठ असणार, तरी मोठ्यानं म्हणतो. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. उरलेले ३० टक्के सेवानिधीत कापून जातात, चार वर्षांत ५ लाख २ हजार. तेवढेच सरकार घालतं. व्याज धरून साधारण ११ लाख ७१ हजार, टॅक्स नाही. महागाई भत्ता नाही. मिलिटरी सर्व्हिस पे नाही. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिक म्हणवून घ्यायचा हक्क नाही. चार वर्षांनी शंभरातले पंचवीस आत राहतील, पंचाहत्तर घरी. वयाची वीस-पंचवीस वर्षं झालेली.

११ लाख ७१ हजार. गावात हा आकडा ऐकून बायांच्या डोळ्यांत पाणी येतं, मी बघितलं आहे. आपण जरा बोटं मोजू. पोरगा बाविसाव्या वर्षी परत आला. साठी-बासष्टीपर्यंत धरा, चाळीस वर्षं, म्हणजे ४८० महिने. महिन्याला पडले २,४४० रुपये. कुणी म्हणेल, बँकेत ठेवा, व्याज येईल. ठेवा. सात टक्क्यांनी महिना ६,८०० च्या आसपास, आणि मुद्दलाला हात लावायचा नाही. बहिणीचं लग्न नाही, पत्र्याचं घर स्लॅबचं करायचं नाही, अकॅडमीचं कर्जही फेडायचं नाही. जमेल? आणि यातले निम्मे पैसे त्याच्याच पगारातून कापलेले. त्याच्याच खिशातलं काढून त्याच्याच हातावर ठेवायचं आणि टाळ्या घ्यायच्या.

मेला तर? तर ४८ लाखांचा विमा आहे. कामगिरीवर मेला तर आणखी ४४ लाख, वर सेवानिधी आणि उरलेल्या मुदतीचा पगार. हे लपवायचं कारण नाही, रक्कम मोठी आहे. पण नेहमीचा जवान लढाईत गेला तर त्याच्या बायकोला शेवटच्या पगाराइतकी पेन्शन, जन्मभर. अग्निवीराच्या घरी एकदाच चेक. एकाच खंदकात दोघं, एकच गोळी, एकाचं घर सरकारच्या दप्तरात राहतं, दुसऱ्याची फाईल बंद.

इथं कुणीतरी म्हणणार, आणि कालच्या बैठकीत एका पोरानं म्हटलंच, की दादा, एमआयडीसीत ठेकेदार बारा तास राबवून जे देतो त्याच्यापेक्षा हे बरं नाही का? वर खाणं, कपडे, इज्जत. तो पोरगा खरं बोलतो. त्याला मी देशभक्तीचं लेक्चर देणार नाही आणि क्रांतीचंही देणार नाही. जाऊ नकोस असं सांगायला त्याला पर्याय द्यावा लागतो, आणि तो माझ्या खिशात नाही. अठराव्या वर्षी २१ हजार हातात येणं ही आपल्या वस्तीत लहान गोष्ट नव्हे. पण बघा, त्याला सैन्य चांगलं वाटतं ते ठेकेदार वाईट आहे म्हणून. आणि सरकार नेमकं काय शिकलं? ठेकेदाराकडून ठेकेदारी शिकलं. कायम कामगार नको, पेन्शनीचा बोजा नको, चार वर्षं जवानी पिळा आणि चिपाड गावाकडं फेका. हीच रीत आधी गिरणीत आली, मग पालिकेच्या सफाईत आली. आता सीमेवर पोचली.

आणि चिपाड फेकलं की कुठं पडतं, तेही सारखं नसतं. ज्याला रान आहे तो रानात जाईल, ट्रॅक्टर घेईल, ढाबा टाकेल. आपला पोरगा? वतनं गेली, पण त्या बदल्यात आपल्याला किती जमीन राहिली ते तुम्ही जाणता. सैन्यात आरक्षण नाही, त्यामुळे जाताना तो सगळ्यांसारखा गेला. परत येताना मात्र तो वस्तीतच येतो. निमलष्करी दलांत १० टक्के जागा ठेवू, असं २०२२ सालीच जाहीर केलं. पण जाहीर करणं आणि हातात ऑर्डर पडणं यात काय अंतर असतं ते आपल्याला बॅकलॉगनं शिकवलं आहे. नाही लागला कुठं, तर एटीएमच्या दारात वॉचमन. किंवा त्याच पाटलाच्या नातवाच्या पेट्रोल पंपावर रात्रपाळी. पणजानं जो वाडा सोडला त्या वाड्याच्या फाटकावर पणतू, चार वर्षं देशाचं रक्षण करून आलेला.

तेव्हा आपली मागणी अग्निवीराला शूर म्हणा ही नाही. शूर फार म्हणून झालं, दगडावर कोरून झालं. जितकी नोकरी तितक्या प्रमाणात पेन्शन द्या, चार वर्षांची तर चार वर्षांची. माजी सैनिकाचा दर्जा द्या, त्याच्याबरोबर दवाखाना येतो, राखीव जागा येतात. मेलेल्याच्या घरी नेहमीच्या जवानासारखी कुटुंब पेन्शन द्या. आणि हालाचा भत्ता सगळ्यांना एक. यातलं एकही मागणं देशाच्या तिजोरीला खड्डा पाडणारं नाही, असं मी म्हणत नाही. खर्च होईल. तो करायचा की नाही हा राजकारणाचा सवाल आहे, आणि आजवर तो आपल्याला न विचारता सुटत आला आहे.

पहिली तुकडी जानेवारी २०२३ च्या सुमारास ट्रेनिंगला गेली. चार वर्षं म्हणजे २०२६ संपता संपता. म्हणून या शिबिरातनं उठल्यावर प्रत्येक तालुक्यानं एक वही करायची. आपल्या वस्त्यांतली किती पोरं गेली, अकॅडमीला किती कर्ज काढलं, हातात खरोखर किती येतं, घरी किती पाठवतात, परत आलेल्याला कुठं काम लागलं आणि किती पगारावर. फक्त आपल्या जातीची पोरं लिहू नका. मातंगाची लिहा, धनगराची लिहा, मराठ्याच्या भूमिहीन पोराचीही लिहा, तोही त्याच भट्टीत आहे. नावं बाहेर जाणार नाहीत याची काळजी घ्या, पोरं नोकरीत आहेत. वह्या घेऊन पुढच्या महिन्यात इथंच बसू. कोरे फॉर्म मागच्या टेबलावर ठेवले आहेत, जाताना मोजून घ्या. जयभीम.