मोठ्या जातीचें पिल्लू घेण्यापूर्वीं

जळगांव-धुळ्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. अशा गांवीं सेंट बर्नार्डचें पिल्लू हौसेनें आणलें जातें, तेव्हां तें मूळचें आल्प्समधील बर्फाचें आहे, याचा विचार क्वचितच होतो. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. जीभ काढून धापा टाकणें हाच त्याचा अंग निवविण्याचा मुख्य उपाय. दाट केंसांच्या त्या प्राण्याचे भर दुपारचे हाल मग शेजाऱ्यांनाहि पाहवत नाहींत.

म्हणून पिल्लाच्या आधीं पैदासकार पारखावा. त्याच्या घरीं जावें, पिल्लाची आई पाहावी. ती दाखविण्यास टाळाटाळ झाली, तर पिल्लू कितीहि गोजिरवाणें असलें तरी परत फिरावें. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणें पैदासकारानें राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते आणि ८ आठवड्यांच्या आंतील पिल्लू विकतां येत नाहीं. ही अट उगाच नाहीं. चावा कितपत घ्यावा, हें पिल्लू आई व भावंडांच्या संगतींतच शिकतें. पुढें चाळीस किलोंच्या कुत्र्याला तें शिकविणें मालकास जड जातें.

जर्मन शेफर्ड, लॅब्रडॉर अशा जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आईबापांकडून उतरूं शकतो. यास्तव दोघांच्याहि खुब्यांचीं क्ष-किरण चित्रें मागावीं. बापाला मिळालेले चषक दाखविल्यानें तें काम भागत नाहीं! घरीं आणल्यावरहि पिल्लू लवकर थोराड व्हावें म्हणून त्यास मनानेंच कॅल्शियम चारूं नये. मोठ्या जातीच्या वाढत्या हाडांस त्याचा अतिरेक बाधतो.

चांगला पैदासकार उलट गिऱ्हाइकाचीच परीक्षा घेतो. दुपारीं कुत्रा कोठें राहणार? पत्र्याच्या छपराखालीं कीं घरांत? दिवसभर घरीं कोण असतें? उत्तरें न पटल्यास तो पिल्लू नाकारतो, आणि पुढें सांभाळणें न झाल्यास तें आपल्याकडेच परत आणण्याची अट घालतो. हा नकार कित्येकांस झोंबतो. पण रस्त्यावर सोडलेल्या कुत्र्यापेक्षां तो बरा.

दख्खनचा कारवानी कुत्रा उंच, सडपातळ व आंखूड केंसांचा. उन्हास तो पुष्कळ सरावलेला. मात्र तो धांवणारा शिकारी आहे. मोकळें कुंपण नसलेल्या बंगल्यांत, शेजारीं शेळ्या असतां, तोहि सोयीचा नव्हे.

पिल्लू आणणें तें कार्तिक-मार्गशीर्षांत आणावें. चैत्र-वैशाखांत रेल्वेच्या गार्डाकडील पेटींतून त्याचा प्रवास घडवूं नये. पहिल्या लसी कोणत्या तारखांस दिल्या, हें पैदासकाराकडून लिहून घ्यावें. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यांत असल्यानें ती पिल्लू घरीं आल्यावरच द्यावी लागते.