ताळेबंदात न दिसणारी देणगी

(कर्मचारी कुटुंब मेळाव्यात, शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्या पाल्यांच्या सत्कारप्रसंगी रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संस्थेचा जमाखर्च पाहणे हे माझे काम. देणगीदाराच्या प्रत्येक रुपयाची आपण पावती देतो, अहवालात त्याचे नाव छापतो. परंतु एका देणगीची पावती आजवर कोणी फाडलेली नाही. तिच्याविषयी आज दोन शब्द बोलणार आहे.

मिशनचे रुग्णालय म्हटले की आपल्याला मिरज आणि डॉ. वानलेस आठवतात. दक्षिणेत तेच स्थान वेल्लोरचे आहे. या रुग्णालयांचा इतिहास लिहिताना डॉक्टरांचा त्याग सांगितला जातो. त्यांच्या मुलांचा मात्र क्वचितच. त्या काळी मिशनरी कुटुंबांतील मुले शिकण्याच्या वयाची झाली की त्यांना मायदेशी पाठविण्याची रीत होती. आई-वडील येथे, मुले साता समुद्रांपलीकडे.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात झाला. वयाच्या नवव्या वर्षी, १९२३ साली, त्यांना धाकट्या बहिणीसह इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे ठेवून आई-वडील डोंगरातील आपल्या कामावर परतले. पुढे संबंध उरला तो पत्रांचा. १९२९ साली वडील तापाने वारले. निधनाची तार आधी पोहोचली आणि वडिलांनी पूर्वी टाकलेली, जहाजाने निघालेली पत्रे त्यानंतर येत राहिली. बाप-लेकाची पुन्हा भेट झाली नाही. हा खर्च कोणत्या खात्यावर टाकावा? माझ्या हिशेबशास्त्रात त्याला सदर नाही.

दुसरे उदाहरण डॉ. आयडा स्कडर यांचे. त्यांचे आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर, दोघेही मिशनच्या सेवेत. आयडाही काही वर्षे आई-वडिलांपासून दूर अमेरिकेत राहिल्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थफील्ड येथे त्यांचे शालेय शिक्षण झाले. आई आजारी पडल्याने त्या भारतात आल्या, पण येथे राहण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. एका रात्री तीन घरांतून अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलावणे आले. पुरुष डॉक्टर चालणार नव्हता आणि आयडांना वैद्यकी येत नव्हती. तिन्ही स्त्रिया दगावल्या. त्या रात्रीने त्यांचे आयुष्य बदलले. १८९९ साली त्या डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि १९१८ साली त्यांनी वेल्लोरला स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली. पॉल ब्रँडही १९४६ साली तेथेच आले. तारुण्यात सुतारकाम व बांधकाम शिकलेल्या त्या हातांनी त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाची केली.

या दोघांच्या चरित्रांत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आयडांना शालेय शिक्षण संपताना सेवेचे व्रत घ्यायचे नव्हते. पॉल यांनाही आधी वैद्यकीचा तिटकारा होता. दोघेही परतले ते स्वतःच्या निर्णयाने.

मित्रहो, आपल्या रुग्णालयाची मुले समुद्रापलीकडे गेली नाहीत, हे खरे. परंतु कोणी वसतिगृहात राहिले, कोणी आजीकडे वाढले. कोणाची आई रात्रपाळी संपवून घरी आली तेव्हा दप्तर घेऊन मूल बाहेर पडलेले होते. मी स्वतः माझ्या मुलीच्या शाळेच्या निरोप समारंभास गेलो नाही. त्या दिवशी लेखापरीक्षण होते. हिशेब जुळला. मुलीने तक्रार केली नाही. पण समारंभाच्या छायाचित्रात तिच्याजवळची खुर्ची रिकामी आहे आणि ते छायाचित्र आजही आमच्या घरात आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने एक निर्णय येथे जाहीर करतो. यंदापासून पाल्याच्या शाळेच्या निरोप अथवा पदवीदान समारंभाच्या दिवशी आई-वडिलांना, मग ते शल्यचिकित्सक असोत वा सफाई कर्मचारी, भरपगारी रजा मिळेल. त्यांच्या जागी पाळी लावण्याची जबाबदारी माझ्या कार्यालयाची राहील. यामुळे खर्चात थोडी वाढ होईल. ती मी आनंदाने नोंदवीन.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही या संस्थेचे काही देणे लागत नाही. डॉक्टर व्हा, शिक्षक व्हा, शेती करा, दूरदेशी जा. परत यावेसे वाटले तर हे दार उघडे आहे. न वाटले तरी आमचा आशीर्वाद कमी होणार नाही. तुमच्या आई-वडिलांचे जे तास तुमच्या वाट्याचे होते, ते रुग्णांना मिळाले. त्या देणगीची ही पावती, उशिरा का होईना, आज संस्थेच्या वतीने आपल्या हाती देतो.

आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन.